तिच्या जागी हजर

सिल्वासा, ९ जानेवारी २०२३

प्रिय रिबेका,

तुझं पत्र केतकीने फोनवर मोठं करून दिलं. तू कागदावर लिहितेस, तुझा मुलगा फोटो काढतो, इकडे माझी नात तो उघडते. आपण पोस्टाची पेटी सोडली, पण कागद काही सोडला नाही. रेवदंड्याच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोघी, एक इस्रायलात, अश्दोदला म्हातारी झाली आणि एक इथे. हात दुखतो म्हणून पत्र आखूड केलंस, हे मी चालवून घेणार नाही. हळद लाव आणि लिही.

आमच्याकडे सध्या तुमच्याच ज्यू लोकांचा विषय आहे. आमच्या ह्यांना, श्रीकांतना, निवृत्त झाल्यापासून सिनेमाचं वेड लागलंय, हे तुला ठाऊक आहेच. मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता पडदा लावतात. या महिन्यात चार सिनेमे, चारही जर्मनांच्या छळछावणीतून जिवंत सुटलेल्या माणसांवरचे. छावणीपेक्षा त्यांच्या नंतरच्या आयुष्यावरचे म्हण. सगळे मोठमोठी बक्षिसं मिळवलेले. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती आमच्या मंडळींना झेपत नाहीत. मग हे माईक घेऊन कडेला उभे राहतात आणि एकेक वाक्य मराठीत बोलतात. बायकांची वाक्यं चक्क बायकी आवाजात! पहिल्यांदा सगळे फिदीफिदी हसले, आता सवय झाली.

परवाच्या शनिवारी मात्र गंमत झाली. गंमत कसली, मला भरूनच आलं. आमच्याकडे कामाला मंगला येते, तिच्याबद्दल मागे लिहिलं होतं. तिशीची, खानदेशातली. नरोलीला चाळीत आक्काबाई नावाच्या म्हातारीबरोबर राहते. सख्खी आई नाही, पण सख्ख्या मुली करणार नाहीत एवढं तिचं करते. सिनेमाच्या दिवशी चहा मंगलाचा. पण ती हॉलच्या आत पाऊल टाकत नाही. आमच्या घरीसुद्धा टीव्ही लागला की उठून ओट्याशी जाते. मी चेष्टा करते, "अगं, हिरो बाहेर येऊन चावायचा नाही तुला!"

तर सिनेमा ऐन रंगात, मंगला कपांचा ट्रे घेऊन दाराशी आली, आणि एकदम सगळा ट्रे खाली. मी धावले. बघते तर ही भिंतीला पाठ लावून उभी, डोळ्यांतून पाणी, ओठ निळे. "बाई, मी भरून देते कप," एवढंच म्हणत राहिली. रिबू, बघ ना, सातवी शिकलेली बाई, कुठले ज्यू, कुठली छावणी, पण कळलं तिला! ह्यांना तर आकाश ठेंगणं झालं. म्हणाले, "याला म्हणतात कलेची ताकद." २८ तारखेला मालिका संपते. त्या दिवशी मंगलाला दोन शब्द बोलायला उभं करायचं आम्ही ठरवलंय.

तू इतकी वर्षं त्या लोकांची शुश्रूषा केलीस. तिला सांगता येईल असं काही लिही ना.

तुझी,
रजू


अश्दोद, २० जानेवारी २०२३

रजू,

हळद लावली. आता ऐक, आणि शाळामास्तरीण होऊन ऐकू नकोस.

मी बावीस वर्षं वृद्धाश्रमात नर्स होते. माझ्या मजल्यावर छावणीतून वाचलेली चौदा माणसं होती. तुमच्या सिनेमांत ती खिडकीशी बसतात, उजेड सुरेख पडतो, कोणीतरी व्हायोलिन वाजवतं. आमची माणसं साखरेच्या पुड्यांवरून भांडायची. जेवणानंतर पाव उशीखाली लपवायची, त्याला मुंग्या लागायच्या, आणि चादर बदलायला गेलं की मला चावायची. एक प्रोफेसर होते, सात भाषा यायच्या. छावणीत शॉवर सांगून माणसं वायूने मारायचे, म्हणून त्यांना शॉवरखाली नेता यायचं नाही. मी बादली आणि तांब्या आणला, रेवदंड्यासारखा. मग सहा वर्षं त्यांनी माझ्याच हातून आंघोळ केली.

एका वर्षी स्मरणदिनाला आमच्या मॅनेजरणीला अक्कल सुचली आणि तिने तळमजल्यावर असाच एक सिनेमा लावला. चौदांपैकी अकरा वरच थांबले. जे तिघे गेले, त्यांतली एक बाई मध्येच उठून पडद्यापाशी गेली आणि एका नटीच्या चेहऱ्यावरून हात फिरवायला लागली. तिला आपली कोणीतरी दिसली होती. तेव्हापासून मी असले सिनेमे बघत नाही. चांगले असतील. बघणाऱ्यांसाठी चांगले असतील.

आता तुझी मंगला. रजू, ती बाई आमच्यासाठी रडली नाही. परक्याच्या दुःखाने माणसाचे डोळे भरतात गो, ओठ निळे होत नाहीत. मी हे ओठ ओळखते. तिला स्टेजवर चढवू नकोस. श्रीकांतना सांग, कलेची ताकद घडी करून कपाटात ठेवा.

आणि मला एवढं सांग, ट्रे पडला तेव्हा पडद्यावर नेमकं काय चाललं होतं?

रिबेका


सिल्वासा, ३ फेब्रुवारी २०२३

प्रिय रिबेका,

तुझं पत्र लागलं. शाळामास्तरीण तर शाळामास्तरीण. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी या गावात मराठी शाळेवर रुजू झाले, तेव्हापासून माणसं वाचायचंच काम केलंय, असं मला वाटत होतं. म्हणून तुझं ऐकलं नाही. आधी हे कबूल करते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

२८ तारखेला तिला बोलावलं. नको नको म्हणत होती, मी हाताला धरून नेलं. ह्यांनी माईकवरून सांगितलं, "आता आमच्या मंगलाताई आपलं मनोगत मांडतील." टाळ्या पडल्या. ती माईकसमोर उभी राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग तिने माईकवर हात ठेवला, झाकल्यासारखा, आणि तशीच उतरून चालायला लागली. चपलासुद्धा घातल्या नाहीत. तेव्हापासून कामावर नाही.

तू विचारलंस ते सांगते. सिनेमात एक शिंपीणबाई असते. लढाई संपून वीस वर्षं झालेली, तरी रोज पहाटे पाचला उठून पलंगाशेजारी ताठ उभी राहते. मुलीला कळत नाही का. मग छावणी दाखवतात. बर्फात हजेरी चाललीय, नंबर पुकारतात, ज्या बाईचा नंबर ती आजारी, फळीवर पडलेली. शेजारची बाई तिच्या जागी ओरडते. तिथे हे माईकवर बोलले, "हजर! मी हजर आहे!" तुला ह्यांचा आवाज माहीत आहे. आणि तेवढ्यात ट्रे पडला. मंगलाने पडदा बघितलाच नव्हता गं. दाराबाहेरून तिने फक्त ह्यांचं मराठी ऐकलं.

बुधवारी मी नरोलीला गेले. एका ओळीत बारा खोल्या, पलीकडे कारखान्याची भिंत. मंगला भिंतीकडे तोंड करून झोपलेली. आक्काबाईनेच मला पाणी दिलं. सत्तरीची बाई, काटक, पण गुडघे गेलेत. पहिला प्रश्न काय विचारावा? "बाई, तुमी सुरतले कधी जातस का?" मला वाटलं काही आणायचं असेल. मग कळलं. तिची एकुलती एक मुलगी, चंदा, इथेच कारखान्यात होती. बारा वर्षांपूर्वी कोणाबरोबर तरी सुरतेकडे पळून गेली. ना पत्र, ना फोन. म्हातारी गावचं घर बंद करून मुलीला शोधायला इथे आली, चंदाची मैत्रीण म्हणून मंगला भेटली, आणि मग इथेच राहिली. मुलीला अशा शिव्या घालते, की ऐकवत नाही. आणि त्याच दमात सांगते, चंदाला आता दोन मुलं असतील, थोरला शाळेत जात असेल.

आता बारा वर्षं पुरी होतायत. तिचा पुतण्या संजू गावाहून फोन करून मागे लागलाय. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला, की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, दहावं-तेरावं करतात, म्हणजे तो आत्मा अडकून राहत नाही. आपल्याकडेही आहे हे. संजूने १४ मार्चचा दिवस धरलाय. आक्काबाई म्हणते, जित्या पोरीला जाळू देणार नाही. त्याआधी सुरतेला जाऊन तिला धरून आणते आणि संजूच्या अंगणात उभी करते. ते ऐकताना मंगलाची पाठ हलली. मी बघितलं.

काय करू?

रजू


अश्दोद, १२ फेब्रुवारी २०२३

रजू,

आता रागावत नाही. रागावून झालं.

एक गोष्ट सांगते. माझ्या मजल्यावर मार्ता होती, हंगेरीची. मी तिला नऊ वर्षं सांभाळलं. कपडे, केस, सगळं टापटीप, एकदम राणी. तिची धाकटी बहीण छावणीत तापाने गेली, एवढं सगळ्यांना माहीत. मुलगा डॅनी दर शुक्रवारी यायचा, आईच्या हाताचं चुंबन घ्यायचा. त्याने आपल्या मुलीला त्या मावशीचं नाव दिलं होतं. नात आली की मार्ता तिला जवळ घ्यायची नाही. सगळे म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाला पोरांचा गोंगाट सोसत नाही.

शेवटच्या वर्षी एकदा मी तिची नखं कापत होते. तिने आपणहून सांगितलं. बहीण गेली ती सकाळी. मार्ताने कोणाला सांगितलं नाही. प्रेत शेजारी घेऊन तीन दिवस झोपली, हजेरीला "आजारी आहे" म्हणाली, आणि तीन दिवस बहिणीचा पाव घेऊन खाल्ला. "तिच्या वाटणीचा पाव माझ्या अंगात आहे," मला म्हणाली, "म्हणून मी एवढी जगले." तेव्हा ती एक्याण्णव वर्षांची होती. मी नखं कापून पुरी केली. दुसरं काय करणार होते?

तिने सांगितलं, कारण नऊ वर्षांत मी काही विचारलं नव्हतं. म्हणून तू आता जा आणि काही विचारू नकोस. शेंगा सोल, तांदूळ निवड, हाताला काम ठेव. मनोगत-बिनोगत काढू नकोस तोंडातून.

एवढं मात्र मनाशी धर, की ती कोणाच्या तरी जागी जिवंत आहे. किंवा कोणीतरी तिच्या जागी मेलेलं आहे. मला बाकी ठाऊक नाही.

रिबेका


सिल्वासा, २ मार्च २०२३

रिबेका,

तू बघितल्यासारखं लिहिलं होतंस. मला तुझी भीती वाटली.

दोन आठवडे एक दिवसाआड गेले. ह्यांनाही एकदा यायचं होतं, माफी मागायला, मी नको म्हटलं. विचारलं काही नाही. परवा रविवारी मीच तिला घरी आणलं. हे मुद्दाम बाहेर गेले होते. ओट्याशी बसून आम्ही दोघी वालाचे दाणे सोलत होतो. ती दाण्यांकडे बघत म्हणाली, "बाई, माझं नाव मंगला नाही. मी दुर्गा. माझं दहावं झालेलं आहे."

जशी बोलली तशी लिहिते.

२०११ साली ती एकोणीस वर्षांची, चंदाही तेवढीच. एका खोलीत, एका ठेकेदाराकडे. न सांगता खाडा केला की ठेकेदार नाव कापायचा, म्हणून पोरी एकमेकींच्या कार्डावर उभ्या राहायच्या. गेटवरचा माणूस कार्डाचा रंग बघायचा, फोटो कोण बघतो? मार्चातल्या त्या दिवशी चंदाची सुट्टी होती. दुर्गाला वापीला सिनेमाला जायचं होतं, शेजारच्या दोघींबरोबर. चंदाने तिचं कार्ड घेतलं. म्हणाली, "जा तू, मी लावते तुझी हजेरी." सकाळी अकराला त्या शेडमध्ये आग लागली. दुर्गा तेव्हा सिनेमात बसली होती. हिरोने काय काय केलं ते तिला अजून सगळं आठवतं. संध्याकाळी परत आली तर गेटवर मेलेल्यांची यादी लावलेली. त्यात हिचं नाव.

ती पळाली. का, ते तिला अजून सांगता येत नाही. दोन आठवडे एका ओळखीच्या बाईकडे लपली. तोवर झाकलेलं प्रेत शिंदखेड्याकडे तिच्या गावी गेलं. बापाने लेक म्हणून त्याला अग्नी दिला, तापीवर दहावं केलं. दुर्गा गावात शिरली तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरं भूत भूत म्हणून किंचाळत पळाली. ज्याचं दहावं झालं तो परत आला, तर लहान बाळासारखं त्याचं पुन्हा बारसं करावं लागतं, तोवर घरात घेत नाहीत. बाप उंबऱ्याच्या आत उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, "मनी पोर मरी गयी." मग दार लावून घेतलं. आई आधीच वारलेली. कोण करणार होतं बारसं?

नरोलीला परत आली, तर दारात आक्काबाई उभी. आग लागल्याचं ऐकून आली होती. खोलीतल्या, शेजारच्या सगळ्या पोरी घाबरून गावी पळालेल्या. म्हातारी हिला म्हणाली, "मनी चंदा कोठे शे? तिनं नाव यादीमा नही, मी वाची लिधं. देव पावना." रिबू, देव पावला म्हणाली गं ती! त्या तोंडाला दुर्गा काय सांगणार? सांगून टाकलं, "ती सुरतेला गेली, एका पोराबरोबर." नाव विचारलं, तर मंगला सांगितलं. म्हणे एक दिवसापुरतं सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होती. त्याला बारा वर्षं झाली.

बारा वर्षं ती त्या म्हातारीशेजारी झोपते आणि म्हातारी चंदाला देते त्या शिव्या ऐकते. "चंदाला एवढं वाईट मीच केलं, बाई. ती तर माझ्यासाठी उभी राहिली होती." एवढं बोलून दाणे सोलायला लागली. मी मात्र ढसाढसा रडले, लाज नाही वाटत सांगायला.

आता ऐक. आक्काबाईने होळी झाल्यावर, गुरुवारी ९ तारखेला, सुरतेची गाडी धरायचं ठरवलंय. एकटी. गुडघे धड नाहीत, सुरत केवढी! दुर्गा म्हणते, मला नाही सांगता येणार, बाई, मी तिच्याबरोबर सुरतेला जाते आणि शोधल्यासारखं करते. हे कसं चालेल? मी ठरवलंय. उद्या-परवा मीच जाऊन आक्काबाईला नीट समजावून सांगते. दोघीही सुटतील. आयुष्यभर पालकांना वाईट बातम्या दिल्या आहेत मी, मला जमतं.

तुला पटतंय ना?

रजू


अश्दोद, ४ मार्च २०२३

रजू,

नाही पटत. जाऊ नकोस. केतकीला सांगितलंय, हे पत्र आजीच्या हातात आत्ताच्या आत्ता दे.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक लपवलं. मार्ता गेली, त्यानंतर डॅनी माझ्याकडे आला. तिची खोली आवरत होतो आम्ही. त्याने विचारलं, "आई तुझ्याशी बोलायची. मावशीबद्दल कधी काही म्हणाली?" मी म्हटलं, "नाही. आठवण काढायची फक्त." मला वाटलं, पोरगा सुटला. तो म्हणाला, "मग ती माझ्या मुलीला जवळ का घेत नव्हती? आईला माझी मुलगीच आवडत नव्हती तर." आणि रजू, मी तेव्हाही गप्प राहिले. सात वर्षं झाली. दर नव्या वर्षाला तो मला कार्ड पाठवतो, आईची सेवा केलीस म्हणून. मी एकही उघडलं नाही. टेबलाच्या खणात आहेत.

मार्ताने मला सांगितलं, त्याच दिवशी मी म्हणायला हवं होतं, चल, डॅनीला बोलावते, तू सांग, मी शेजारी बसते. मी नखं कापत बसले. मी ती गोष्ट माझ्याकडे ठेवून घेतली, आणि आता ती ना मार्ताची राहिली ना डॅनीची. माझ्या उरावर बसली आहे.

तू सांगितलंस, तर आक्काबाईला बातमी मिळेल. दुर्गाला काय मिळेल? ती पुन्हा दाराबाहेर, आणि तिच्या जागी तू हजर. बारा वर्षांपूर्वी एकीने तिच्या जागी हजेरी लावली, तेवढं पुरे झालं तिला. तिने स्वतःच्या तोंडाने सांगू दे. म्हातारी मारेल, हाकलेल, थुंकेल. ते तिच्या वाटणीचं आहे, तिला घेऊ दे. तू नुसती शेजारी बस.

तुला हात जोडते.

रिबेका


सिल्वासा, २७ मार्च २०२३

प्रिय रिबेका,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण सुचत नव्हतं. तुझं ऐकलं मी, हे आधी सांगते. तुझं पत्र दुर्गाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बाईंना सांगा, त्यांनी पण त्या मुलाला सांगावं." मग म्हणाली, "गुरुवारी तुम्ही याल का बरोबर?"

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी एसटी स्टँडवर. स्टँड रिकामा, सगळी माणसं होळीला गावी गेलेली. सुरतेची रेल्वे वापीहून, ती वापीची गाडी अजून लागायची होती. आक्काबाई नवं लुगडं नेसून बाकावर बसलेली, मांडीवर गाठोडं. मला उघडून दाखवलं. दोन झबली होती आणि एक मोठ्या मुलाचा शर्ट, अंदाजाने घेतलेला. "थोरला दहा साल ना व्हई," म्हणाली. दुर्गा तिच्या पायाशी खाली जमिनीवर बसली. मला वाटलं आता रडेल, चक्कर येईल. काही नाही. म्हणाली, "आक्का, चंदा सुरतेला नाही. मी खोटं सांगितलं. मी दुर्गा आहे. यादीतली दुर्गा. माझ्या कार्डावर चंदा गेली होती." आणि मग तारखेपासून सगळं, एकही वाक्य न गाळता. वापीचा सिनेमासुद्धा सांगितला. मी शेजारी बसले होते. तू सांगितलंस तेवढंच केलं, आणि रिबू, तेवढंच फार जड होतं.

आक्काबाईने हात उगारला नाही. शिवी दिली नाही. वापीची गाडी लागली आणि निघून गेली, तरी ती बाकावरून उठली नाही. मग तिने एकच विचारलं.

"त्या दिनले ती जेयीसन गयथी का?"

जेवून गेली होती का.

दुर्गाला खोटं बोलता आलं असतं. बारा वर्षांची सवय होती. तिने मान हलवली. "नाही. उशीर झाला होता. माझाच डबा घेऊन गेली. साडेबाराला जेवायची सुट्टी असायची." आग अकराला लागली होती, ते तिने आधीच सांगितलं होतं. म्हातारीने तो हिशोब मनात केला असणार, कारण तिने तोंडावर हात दाबला आणि असा आवाज काढला, की तिकीट खिडकीतला माणूस बाहेर आला. मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही आणि पुन्हा ऐकायचाही नाही.

थोड्या वेळाने तिने प्रवासासाठी बांधलेली भाकरी सोडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. दुर्गाच्या पुढे ठेवली. म्हणाली, "खाय." दुर्गा हात जोडायला लागली. "खाय म्हणस ना." दुर्गाने खाल्ली, रडत, ठसके लागत. आक्काबाई शेवटचा तुकडा संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत होती. ती क्षमा होती का शिक्षा, मला कळलं नाही. मी विचारलं नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आते चाल. कोठे जाळी तिले, ती जागा दाखाड."

आम्ही गेलो, रिबेका. ह्यांनी गाडी केली आणि स्वतः आले. तापीच्या काठी, दुर्गाच्या गावी. संजूही तिथे आला. पुतळा लागलाच नाही, कारण चंदा कधीच जळून गेली होती, दुसरीच्या नावाने. १४ तारखेला फक्त पिंड दिला. गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा आक्काबाई इतक्या मोठ्याने म्हणाली, "चंदा!", की काठावरच्या बायका वळून बघायला लागल्या. ह्यांनी सगळा वेळ मान खाली घातली होती. परतताना गाडीत म्हणाले, यापुढे मी माईक घेणार नाही.

दुर्गाच्या बापाने दार उघडलं नाही. घाटावर एका म्हाताऱ्याने सुचवलं, आलीच आहात तर या पोरीचं बारसं उरकून घ्या, म्हणजे ती सुटेल. आक्काबाई त्याच्या अंगावर गेली. "बारसं कसानं? नाव शे तिले. दुर्गा!"

मला वाटलं होतं, आता दोघी वेगळ्या होतील. म्हातारी संजूकडे राहील. नाही राहिली. दोघी नरोलीला परत आल्या, त्याच खोलीत. दुर्गा गेल्या सोमवारपासून आमच्याकडे कामाला येते. पाण्याचं, बाजाराचं, तेवढंच बोलतात एकमेकींशी. शिव्या बंद झाल्यात, खोली फार शांत वाटते, असं दुर्गा म्हणते.

आणि काल भांडी घासताना तिने आणखी एक सांगितलं. आक्काबाई आता रोज सकाळी, ती कामाला निघाली की दारात येऊन विचारते, "जेयनी का?" ही म्हणते, हो, जेवले. मग म्हातारी आत जाते.

नळ बंद करून माझ्याकडे वळली. म्हणाली, "बाई, ती मला विचारते की चंदाला, तेच मला कळत नाही. मी दोघींचं हो म्हणते."

तुझी,
रजू